सिटी आणि काउंटीच्या सेवा एकत्र केल्या तर पैसे वाचतात का, आणि कुणाचे?

प्रश्न: आम्ही अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एका मध्यम शहरात राहतो. इथली सिटी आणि काउंटी मिळून पोलीस, ९११ (आणीबाणीचा फोन), अग्निशमन, पाणीपुरवठा आणि उद्यानं या सेवा एकत्र चालवण्याचा विचार करत आहेत. पुढे कदाचित दोन्ही सरकारंच एक होतील. त्यासाठी नेमलेल्या नागरिक समितीत माझं नाव आलं आहे. ‘दोन-दोन ऑफिसं कशाला, एक केलं की कर कमी होतील,’ असं जो तो म्हणतो. हे कितपत खरं आहे? समितीत मी नेमकं काय विचारायला हवं?

उत्तर:

कर कमी होतील म्हणून हे करू नका, कारण बहुधा ते होणार नाहीत. सेवा एकत्र करण्याची चांगली कारणं आहेत आणि काही सेवांच्या बाबतीत मी एकत्रीकरणाच्या ठाम बाजूचा आहे. पण ती कारणं वेगळी आहेत. अमेरिकेतल्या स्थानिक सरकारांच्या अर्थसंकल्प विभागात बरीच वर्षं काम केल्यावर माझं मत असं झालं आहे की बचतीच्या आश्वासनावर रेटलेला प्रस्ताव एकतर मतदानात पडतो, किंवा मंजूर होऊन पहिल्या दोन-तीन अर्थसंकल्पांतच लोकांचा विश्वास गमावतो.

भारतातल्या वाचकांसाठी थोडा खुलासा. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा, पण ती जिल्हाधिकारी चालवत नाही. निवडून आलेले कमिशनर चालवतात, आणि शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, हाही बहुतेक ठिकाणी लोकच निवडतात. सिटी सहसा काउंटीच्या पोटातच असते. त्यामुळे सिटीत घर असलेला माणूस दोन्हीकडे मालमत्ता कर भरतो. काउंटी त्या पैशातून तुरुंग, कोर्ट, जमिनीच्या नोंदी, निवडणुका, आरोग्य खातं चालवते आणि सिटीच्या हद्दीबाहेर गस्तही घालते. भांडणाचं मूळ इथेच आहे. सिटीतला माणूस म्हणतो, शेरीफच्या गाड्या माझ्या गल्लीत फिरकत नाहीत, तरी त्यांचा खर्च माझ्या करातून जातो. हद्दीबाहेरचा म्हणतो, मला पथदिवे नकोत, कचऱ्याची सोय मी केलेली आहे, मग सिटीच्या पेन्शनचा बोजा माझ्यावर का? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असतं.

जॉर्जिया राज्याने १९९७ मध्ये या दुहेरी कराच्या वादासाठी कायदाच केला. काउंटीने आणि तिच्यातल्या शहरांनी एकत्र बसून कोणती सेवा कोण देणार, कोणत्या भागात देणार आणि तिचा पैसा कुठून येणार हे लेखी ठरवायचं. न ठरवल्यास राज्याकडून मिळणारं अनुदान आणि कर्ज अडतं. तुम्ही जॉर्जियात नसलात तरी तिथल्या एखाद्या काउंटीचा असा करार मिळवून वाचा. त्यातल्या तक्त्यांत तुमच्या गावाची माहिती भरायला घेतली की खरा वाद कुठे आहे ते पहिल्या आठवड्यात कळेल.

आता मुख्य गोष्ट. सेवा एकत्र करणं वेगळं आणि सरकारं एकत्र करणं वेगळं, आणि समितीच्या बैठकांत या दोन गोष्टींची सतत सरमिसळ होते. अमेरिकेत ३,१०० हून जास्त काउंटी आहेत. त्यांतल्या जेमतेम चाळीसेक ठिकाणी सिटी आणि काउंटी यांचं एकच सरकार आहे. मतदारांपुढे गेलेले बहुतेक प्रस्ताव पडले आहेत. उलट सेवांपुरते करार देशभर हजारोंनी आहेत. कॅलिफोर्नियातलं लेकवूड १९५४ मध्ये सिटी झालं, तेव्हा त्याने स्वतःची खाती उभारण्याऐवजी बहुतेक सेवा लॉस एंजेलिस काउंटीकडून कराराने घेतल्या. पुढे कित्येक शहरांनी तोच कित्ता गिरवला.

तुमच्या समितीने बारकाईने अभ्यासावं असं ठिकाण मला विचाराल तर मी नॉर्थ कॅरोलायनातलं शार्लट सांगेन. शार्लट सिटी आणि मेक्लेनबर्ग काउंटी यांचं सरकार एक करण्याचा प्रस्ताव १९७१ मध्ये मतदारांनी फेटाळला. तिथल्या लोकांनी त्यापुढे जे केलं ते मला फार शहाणपणाचं वाटतं. त्यांनी एकेक सेवा घेतली आणि ती कुणी चालवावी हे तिच्या स्वभावावरून ठरवलं. शाळा तर १९६० पासूनच एक झाल्या होत्या. पाणी आणि सांडपाणी १९७२ मध्ये सिटीकडे गेलं, कारण नळांचं मोठं जाळं आणि प्रक्रिया केंद्रं सिटीकडेच होती. उद्यानं १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला काउंटीकडे गेली, कारण मैदानावर खेळायला येणारं पोर हद्द बघून येत नाही. बांधकामाची तपासणी काउंटी करते, दोन्हींचा मालमत्ता कर काउंटीच गोळा करते, कचरा सिटी उचलते पण त्याची शेवटची विल्हेवाट काउंटी लावते. १९९३ मध्ये सिटीचे पोलीस आणि काउंटीचे पोलीस एक झाले. ते दल सिटी चालवते, आणि शहरांच्या हद्दीबाहेरच्या गस्तीचा खर्च त्या भागातून वसूल होतो. तुरुंग आणि कोर्टाचं काम शेरीफकडेच राहिलं. दोन्ही सरकारं आजही वेगळी आहेत.

शार्लटला हे पोलिसांच्या बाबतीत जमलं त्यामागे एक खास कारण होतं, ते विसरू नका. मेक्लेनबर्गमध्ये गस्त घालणारं दल शेरीफचं नव्हतं, काउंटीचं वेगळं पोलीस खातं होतं. म्हणजे दोन नेमलेले प्रमुख होते, त्यांतला एक कमी करता आला. तुमच्याकडे गस्त शेरीफ घालत असेल तर गणित निराळं होतं. शेरीफ हे पद अनेक राज्यांच्या घटनेतच आहे. सिटी आणि काउंटीने करार करून ते रद्द होत नाही, आणि लोकांनी निवडलेला शेरीफ सिटी मॅनेजरच्या, म्हणजे सिटीच्या नेमलेल्या प्रशासकाच्या, हाताखाली काम करणार नाही. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलमध्ये १९६८ साली सिटी आणि ड्युव्हल काउंटी एक झाली, तेव्हा संपूर्ण पोलीस दल निवडून आलेल्या शेरीफकडे गेलं. तेही चालतं. पण मग पोलिसांविषयीच्या तक्रारीला उत्तर देणारा माणूस मेयरच्या हाताखालचा नसतो, हे सिटीतल्या लोकांना आधीच स्पष्ट सांगायला हवं.

पैशाकडे येतो. बचत का होत नाही? दोन दलं एक केली की एकच काम करणाऱ्या दोन माणसांना दोन पगार देता येत नाहीत, आणि जास्त पगारवाल्याचा पगार कुणी कमी करत नाही. सगळ्यांना वरच्या श्रेणीत आणावं लागतं. समजा सिटीच्या पोलिसाचा सरासरी पगार ६२,००० डॉलर आहे आणि काउंटीच्या ८० जणांचा ५४,०००. फरक ८,००० चा. म्हणजे वर्षाला ६,४०,००० डॉलर, आणि त्यावर पेन्शन व विम्याचा वाटा वेगळा. दुसऱ्या बाजूला एक प्रमुख, एक उपप्रमुख आणि ऑफिसातली एखादी जागा कमी झाली, तर सगळं धरून चार-साडेचार लाख वाचतील. पहिल्याच वर्षी तुम्ही तोट्यात आहात. गणवेश, गाड्यांचे रंग, रेडिओ, दोन वेगळी सॉफ्टवेअर एकात आणणं हा खर्च मी अजून धरलेलाच नाही. रेडिओ यंत्रणा तर असा खर्च आहे की तो सादरीकरणात एका ओळीत येतो आणि नंतर कित्येक वर्षं हप्त्यांनी फेडावा लागतो.

जॉर्जियातल्या मेकनची गोष्ट यासाठी पाहा. मेकन आणि बिब काउंटी यांचं एकत्रीकरण २०१२ मध्ये मंजूर झालं आणि जानेवारी २०१४ पासून अमलात आलं. कायद्यातच अट होती की एकत्रित खर्च पाच वर्षांत २० टक्क्यांनी कमी करायचा. मतं मिळवायला ही अट उपयोगी पडली असेल. पण पगार सारखे करणं आणि खर्च एवढा खाली आणणं या दोन गोष्टी एकाच वेळी होत नाहीत. काही वर्षांत तिथे मालमत्ता कराचा दर वाढवावा लागला. माझ्या मते एकत्रीकरण त्यामुळे चुकीचं ठरत नाही. चुकीची ती अट होती.

मग बचत कुठे होते? जिथे यंत्रं, नळ आणि जमीन यांवर खर्च जास्त आणि माणसांवर कमी, तिथे. पाणी शुद्ध करणारं एक मोठं केंद्र दोन लहान केंद्रांपेक्षा स्वस्त पडतं. सांडपाणी, कचऱ्याचा डेपो, खरेदी, कर गोळा करणं, नकाशांची यंत्रणा या गोष्टीही तशाच. गस्त आणि आग विझवणं या सेवांत जवळपास सगळा खर्च माणसांचा. दुप्पट वस्तीला दुप्पट माणसं लागतातच, वर देखरेखीचे थर वाढतात.

या बाबतीत एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचं काम मला अजूनही सगळ्यात मोलाचं वाटतं. १९७० साली, इंडियानापोलिसमध्ये नुकतंच मोठं एकत्रीकरण झालेलं असताना, त्यांनी विद्यार्थ्यांना सोबत घेऊन तिथल्या पोलीस सेवेचा अभ्यास केला. स्पीडवे, बीच ग्रोव्ह आणि लॉरेन्स या आपापलं छोटं पोलीस खातं राखून असलेल्या गावांची तुलना त्यांनी शेजारच्याच, तशाच वस्तीच्या, पण मोठ्या शहराच्या पोलिसांखालच्या भागांशी केली. लहान खात्यांची सेवा लोकांना बऱ्याच बाबतींत सरस वाटत होती. गाडी लवकर येई, पोलीस ओळखीचे असत. मोठं म्हणजे चांगलं, या त्या काळच्या सर्वमान्य समजुतीला हा धक्का होता. पुढे २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते सामायिक साधनांच्या व्यवस्थापनावरच्या कामासाठी. पण त्या विचाराची एक मुळी या पोलीस अभ्यासात आहे.

९११ च्या डिस्पॅच केंद्राचा, म्हणजे फोन घेऊन गाडी रवाना करणाऱ्या केंद्राचा, अपवाद मात्र मी नेहमी करतो. तिथेही माणसंच लागतात, पण हिशेब वेगळा आहे. एक खुर्ची वर्षभर रात्रंदिवस भरलेली ठेवायची तर ८,७६० तास होतात. रजा, आजारपण, प्रशिक्षण वजा जाता एक कर्मचारी वर्षात साधारण १,७०० ते १,८०० तास खुर्चीवर बसतो. म्हणजे एका खुर्चीला पाच माणसं. सिटीच्या केंद्रात आणि काउंटीच्या केंद्रात रात्री तीन वाजता किमान माणसं बसवावीच लागतात, फोन येवो न येवो. दोन केंद्रं एक केली तर त्या किमान खुर्च्यांतली एखादी कमी होते, किंवा मी पसंत करीन तसं, तेवढीच माणसं ठेवून एकाच वेळी आलेले जास्त फोन उचलता येतात. पैशाहून मोठा फायदा म्हणजे फोन इकडून तिकडे देण्यात जाणारा वेळ वाचतो. हद्दीच्या रस्त्यावर अपघात झाला, मोबाइलचा फोन काउंटीच्या केंद्रात गेला, तिथून सिटीकडे वळवला, सिटीने पुन्हा पत्ता विचारला, यात जे सेकंद जातात ते रक्तस्राव होणाऱ्या माणसाचे असतात. तुमच्या समितीने एकच शिफारस करायची असेल तर मी ही करा म्हणेन.

अग्निशमनाबद्दल थोडंच सांगतो. घरमालकाच्या विम्याचा हप्ता आग विझवणाऱ्या दलाला मिळालेल्या १ ते १० या वर्गावर बऱ्याच ठिकाणी अवलंबून असतो. १ म्हणजे उत्तम. दलं एक करण्याआधी दोन्हीकडचा वर्ग आणि एकत्रीकरणानंतरचा अंदाजित वर्ग मागा. हद्दीबाहेर स्वयंसेवकांचं दल असेल तर त्या लोकांशी आधी बोला. पगारी दलात विलीन होताना स्वयंसेवक गळतात, आणि त्यांची जागा भरायचा खर्च कुणाच्याच तक्त्यात नसतो.

आता कराची रचना. इथे नॅशव्हिलने १९६३ मध्ये काढलेला तोडगा आजही उत्तम आहे. तिथे १९५८ चा पहिला प्रस्ताव हद्दीबाहेरच्या मतदारांनी पाडला होता. त्यानंतर सिटीने मतदान न घेता मोठी हद्दवाढ केली आणि शहराच्या रस्त्यांवर नियमित गाडी चालवणाऱ्यांवर, काउंटीतल्या लोकांसकट, १० डॉलरचा कर बसवला. गाडीच्या काचेवर त्याचं हिरवं स्टिकर लावावं लागे. उपनगरांत तेव्हा शोषखड्डे होते, आग लागली तर वर्गणी भरलेल्या खासगी दलाला बोलवावं लागे. लोक चिडले, आणि १९६२ मध्ये दुसऱ्या मतदानात प्रस्ताव मंजूर झाला. नव्या मेट्रो सरकारने सबंध काउंटीचे दोन भाग केले. सर्वसाधारण सेवांचा भाग म्हणजे सगळी काउंटी. नागरी सेवांचा भाग म्हणजे जुनं शहर. कचरा उचलणं, पथदिवे, जादा पोलीस आणि अग्निशमन ज्याला मिळतं त्यानेच त्याचा वाढीव दर भरायचा. सेवा पुढे सरकेल तशी त्या भागाची हद्द सरकते. लेक्सिंग्टननेही १९७४ मध्ये फायेट काउंटीशी एक होताना हेच तत्त्व ठेवलं: कचरा, पथदिवे आणि रस्ते झाडणं यांतलं ज्याच्या दारात जे आहे त्याचाच कर.

पुणेकरांना या मुद्द्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली, आणि पहिली तक्रार हीच झाली की कर शहराचा पण पाणी टँकरचं. फुरसुंगी आणि उरुळी देवाचीची तर पुढे बाहेर पडून वेगळी नगरपरिषद झाली. सेवांच्या एकत्रीकरणाचाही धडा तिथेच आहे. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या बससेवा २००७ मध्ये एक होऊन पीएमपीएमएल झाली. बस एक झाली हे प्रवाशासाठी चांगलंच झालं. पण तोटा पुणे आणि पिंपरी-चिंचवड यांनी ६०:४० असा सोसायचा हे सूत्र वादाचा विषय राहिलं. तुमच्या करारात असं ठरीव प्रमाण असेल तर ते किती वर्षांनी, कोणत्या आकड्यांवरून बदलायचं हे त्याच करारात लिहा. लोकसंख्या, फोनची संख्या, मालमत्तेचं मूल्य, यांतलं काय धरायचं यावर लाखो डॉलर इकडचे तिकडे होतात.

पाण्याच्या बाबतीत एक गोष्ट बैठकीत सहसा कुणी बोलत नाही. अनेक शहरं हद्दीबाहेरच्या ग्राहकाला दीडपट-दुप्पट दराने पाणी देतात आणि तो पैसा पाणी खात्यात मुरतो. शिवाय ‘पाणी हवं तर हद्दीत या’ हे हद्दवाढीचं मोठं हत्यार असतं. पाणी खातं सामायिक झालं की सिटीच्या हातातून दोन्ही जातात. सिटीचे लोक विरोध करतील तेव्हा कारण बहुधा हे असेल, जरी बोलताना ते पाण्याच्या गुणवत्तेबद्दल बोलले तरी. जुन्या नळांसाठी काढलेल्या बॉण्डचं (कर्जरोख्यांचं) काय, हाही प्रश्न तिथेच विचारा. ते कर्ज ज्या भागासाठी काढलं त्याच भागाने फेडावं हा साधा नियम मला न्याय्य वाटतो.

सरकारंच एक करण्याविषयी तुम्ही ओझरतं लिहिलं आहे, पण समितीत तो विषय येणारच. लुईव्हिल समोर ठेवा. तिथे १९५६, १९८२ आणि १९८३ मध्ये प्रस्ताव पडले. मग १९८६ मध्ये सिटी आणि जेफरसन काउंटीने बारा वर्षांचा करार केला: नोकरदारांच्या कमाईवरचा कर ठरलेल्या प्रमाणात वाटून घ्यायचा, सेवा वाटून घ्यायच्या, सिटीने हद्दवाढ थांबवायची. हा करार १९९८ मध्ये पुढे वाढवला गेला आणि २००० च्या मतदानात सुमारे ५४ टक्क्यांनी एकत्रीकरण मंजूर झालं. जानेवारी २००३ मध्ये लुईव्हिल मेट्रो सुरू झालं आणि दोन्ही पोलीस दलं एक झाली. या क्रमाकडे लक्ष द्या. चौदा वर्षं एकत्र काम करून झाल्यावर लोकांनी होकार दिला. आणि तरीही, तिथली ऐंशीहून जास्त छोटी शहरं तशीच राहिली, उपनगरांतली अग्निशमन दलंही वेगळी राहिली.

लुईव्हिलचा दुसरा पैलू तुम्हाला समितीत मांडावा लागेल, कारण बाकीचे तो टाळतील. जुन्या सिटीत कृष्णवर्णीय लोक साधारण एक तृतीयांश होते. सबंध काउंटीत ते पाचव्या हिश्श्याहूनही कमी होते. मेयर निवडण्यात त्यांच्या मताचं वजन एका दिवसात घटलं. २६ प्रभागांच्या कौन्सिलमुळे त्यांना जागा मिळाल्या, पण मेयरपदाची गोष्ट निराळी. जॅक्सनव्हिल आणि नॅशव्हिलमध्येही हाच प्रश्न होता. ज्या समाजाने कित्येक दशकं झगडून सिटीत सत्ता जवळ आणली, त्याला ‘हद्दी आता रुंद करू’ असं सांगताना त्यांची शंका क्षुल्लक समजू नका. तुमच्या समितीत त्या वस्त्यांतले लोक नसतील तर आधी ते घ्या.

इंडियानापोलिसमध्ये तर हे मतदानाशिवाय झालं. रिचर्ड लुगर मेयर असताना १९६९ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने कायदा केला आणि १ जानेवारी १९७० पासून सिटी व मॅरियन काउंटी एक झाली. पण शाळा वगळल्या. शाळा चालवणारे काउंटीतले अकरा स्वतंत्र शालेय जिल्हे तसेच राहिले, आणि शाळांतल्या वर्णभेदाच्या खटल्यात न्यायालयाने शाळा वगळण्यावरच बोट ठेवलं. १९८१ पासून शहरातल्या कृष्णवर्णीय मुलांना बसने उपनगरातल्या शाळांत पाठवायला सुरुवात झाली. तिकडची मुलं इकडे आली नाहीत. पोलीस एक व्हायला २००७ उजाडलं. त्याच वर्षापासून काही टाउनशिपची (काउंटीतल्या उपविभागांची) अग्निशमन दलं एकेक करून आली. म्हणजे कागदावर सरकार एक झाल्यावरही सदतीस वर्षं दोन पोलीस दलं होती.

टेनेसीतल्या मेम्फिस आणि शेल्बी काउंटीत २०१० चा प्रस्ताव सिटीत निसटत्या बहुमताने मंजूर झाला, पण हद्दीबाहेर सुमारे ८५ टक्के लोक विरोधात गेले. टेनेसीत दोन्ही भागांत वेगवेगळं बहुमत लागतं, त्यामुळे तो पडला. लगेच शहराच्या शाळा मंडळाने स्वतःचा कारभार सोडून दिला, शहराच्या मतदारांनी २०११ मध्ये ते मान्य केलं, आणि २०१३ मध्ये शाळा काउंटीच्या शाळांत विलीन झाल्या. उपनगरांना हे बळजबरीचं वाटलं. २०१४ मध्ये जर्मनटाउन, कॉलिअरव्हिल, बार्टलेट यांच्यासह सहा उपनगरांनी स्वतःचे शालेय जिल्हे काढले. एवढा खटाटोप होऊन शेवटी दोनाचे सात जिल्हे झाले. तुमच्या राज्यात दुहेरी बहुमताची अट आहे का, हे वकिलाकडून पहिल्याच बैठकीत लेखी घ्या. नसली तरी ती आहे असं धरून चाला.

सेंट लुईसची वाट वेगळी. ती सिटी १८७६ मध्ये काउंटीपासून स्वतःहून फुटली आणि परत जोडण्याचे प्रयत्न एकामागून एक फसले. २०१९ चा प्रस्ताव तर राज्यभरच्या मतदारांकडून मंजूर करून घ्यायचा होता. त्याने दोन्हीकडचे लोक दुखावले, आणि काउंटीच्या प्रमुखावरच भ्रष्टाचाराचा खटला झाल्यावर तो मागे घेतला गेला. पण त्याच सेंट लुईसमध्ये १९५४ पासून सिटी आणि काउंटी यांची सांडपाण्याची यंत्रणा एक आहे, आणि १९७१ मध्ये दोन्हीकडच्या मतदारांनी प्राणिसंग्रहालय व म्युझियमसाठी सामायिक कर मान्य केला. एकमेकांवर इतका अविश्वास असलेल्या लोकांनीही नेमक्या कामासाठी, नेमका कर, वेगळ्या मंडळाकडे देऊन मान्य केला.

म्हणून समितीत मी हे मागेन. गेल्या पाच वर्षांचा प्रत्यक्ष खर्च, अर्थसंकल्पातला नव्हे. दोन्ही बाजूंच्या प्रत्येक पदाचा पगार, रजा आणि पेन्शनचं देणं एका तक्त्यात. गाडी किती मिनिटांत पोचते याचे आजचे आकडे, भागाभागांनिशी, कारण नंतर सेवा सुधारली की बिघडली हे कशाशी ताडणार? सल्लागार कंपनीचा अहवाल येणार असेल तर ‘बचत’ या शब्दाखाली काय धरलं आहे ते विचारा. रिकामी पदं न भरणं याला बचत म्हणायची सवय आहे, आणि ती पदं एकत्रीकरण न करताही रिकामी ठेवता येतात.

करार लिहिताना वेगळं होण्याचं कलम घाला: किती महिन्यांची नोटीस, इमारत कुणाची, गाड्या कुणाच्या, कर्मचाऱ्यांची ज्येष्ठता कशी धरायची. बाहेर पडता येतं हे माहीत असलं की लोक आत यायला घाबरत नाहीत. चालवणाऱ्या मंडळात दोन्हीकडचे सभासद समसमान असतील तर बरोबरी कोण फोडणार हेही लिहा. प्रमुखाची नेमणूक आणि त्याला काढणं एकाच हातात ठेवा. दोन्ही सरकारांची संमती लागते अशा ठिकाणी चांगला माणूस टिकत नाही.

क्रम मी असा लावेन: आधी ९११, सोबत खरेदी आणि कर गोळा करणं. ते दोन-तीन वर्षं नीट चाललं की उद्यानं. पाण्याची बोलणी आजच सुरू करा, कारण बॉण्डचे वकील आणि दरांचा अभ्यास यांतच वर्ष-दोन वर्षं जातील. पोलीस शेवटी, आणि तेही शेरीफ स्वतः उत्सुक असेल तरच. पुढच्या बैठकीला जाताना सिटीच्या आणि काउंटीच्या मनुष्यबळ विभागाकडून ९११ केंद्रातल्या पदांची आणि पगारश्रेणींची यादी मागवून घ्या. हा सार्वजनिक दस्तऐवज आहे आणि साधा अर्ज केला की मिळतो.